निरंतराय

‘मनशुद्धी, वचनशुद्धी’ इथवर त्रिशला सुरळीत आली आणि पुढच्या शब्दाला तिची जीभ अडली. तसं पाहिलं तर गोष्ट एवढीशीच. महाराज समोर उभे, शेजारी सासूबाई सुंदरबाई, मागे पाण्याचा कलश धरून नवी सून जिनल, आणि दाराशी गल्लीतली चार माणसं हात जोडून. जैन मुनींना जेवू घालणाऱ्या घराने आधी तोंडाने सांगायचं असतं, की आमचं मन शुद्ध आहे, वाणी शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. मग ते दिवसातून एकदाच जे काय घेतात ते उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत घेतात. लग्न होऊन कारंज्यात आल्यापासून दर चातुर्मासात त्रिशला हे म्हणत आली होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने म्हणून दाखवलं असतं. त्या दिवशी मात्र ‘कायशुद्धी’ हा शब्द ओठाशी आला आणि तिथंच बसून राहिला. सुंदरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. महाराजांनी पाहिलं नाही, ते खाली जमिनीकडेच बघत होते, आणि ते न बघणंच तिला जास्त लागलं. मग तिने तो शब्द एकदाचा उच्चारला, आहार पार पडला, जयकार झाला, आणि लोक म्हणाले, बाई थकली असेल. थकणारच हो. चौका लावायचा म्हणजे काय चेष्टा आहे? पहाटे विहिरीचं पाणी काढून गाळायचं, पीठ घरी दळलेलं, तिखट-हळद घरी कुटलेली, ओलेत्याने सगळा स्वयंपाक, आणि परक्याचा हात कशालाही लागू द्यायचा नाही. थकली हे सगळ्यांना पटलं. तिला स्वतःला काही ते पटवून घेता आलं नाही.

कारण तिला ठाऊक होतं. आषाढात चौका लागला त्याच आठवड्यात, न्हाणीत साडीला पीळ घालताना तिचं मनगट डाव्या बाजूला दाबलं गेलं आणि आत सुपारीएवढं काहीतरी टणक लागलं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखण्याबद्दल चारचौघांत बोलता येतं. हे कुणाला काय म्हणून सांगायचं? या घरात त्या जागेला नावच नव्हतं. मुलगा नमन तान्हा होता तेव्हा सुंदरबाई म्हणायच्या, घे त्याले अंगावर. तेवढाच काय तो उल्लेख, आणि तोही अख्ख्या अंगाच्या नावाने. माहेरी तरी कुठे होतं? जऊळक्याची तिची मावशी खाटेला खिळली तेव्हा बायका आपसात ‘तिकडचं दुखणं’ एवढंच म्हणायच्या, आणि कुणाकडचं, कुठलं, हे पोरीबाळींनी विचारायची सोय नव्हती. मावशीच्या खोलीत दिवसभर उदबत्ती जळत असायची. आठ-नऊ वर्षांच्या त्रिशलाला वाटायचं, आपली मावशी किती देवभोळी. ती उदबत्ती कशासाठी होती हे तिला फार उशिरा, स्वतः आई झाल्यावर, असंच तांदूळ निवडताना एकदम कळलं होतं, आणि हातातलं सूप तिने खाली ठेवलं होतं.

मग ती दवाखान्यात का गेली नाही? आता कुणीही विचारेल, आणि विचारावंच. शिकलेली बाई आहे, रिसोडच्या कॉलेजात बी.ए. झालेली, टीव्हीवर सगळं बघते. पण शेजारच्या मंजूची तपासणी दोन वर्षांपूर्वी अमरावतीला झाली होती, आणि मंजूने सगळं सांगितलं होतं, की नुसता फोटो काढून भागत नाही, सुईने आतला तुकडा काढतात, जखम होते, पट्टी बांधतात, रक्त येतं. मंजूचं काही निघालं नाही, साधी गाठ होती, ती आता नातवाला कडेवर घेऊन दिवसभर गल्लीत हिंडत असते. त्रिशलाच्या डोक्यात मात्र त्यातला एकच शब्द रुतून बसला, रक्त. अंगावर वाहती जखम असलेल्या माणसाने आहार द्यायचा नसतो. म्हणजे सुई टोचली की चौका सुटला. आणि या वर्षी कधी नव्हे तो चातुर्मास त्यांच्या गल्लीजवळच्या मंदिरात लागला होता, महाराज रोज दारावरून जाणार होते. तिने मनाशी ठरवलं, श्रावण होऊ दे. मग म्हणाली, भाद्रपदातलं दसलक्षण पर्व तोंडावर आलंय, ते होऊ दे. रोज सकाळी ‘कायशुद्धी’ म्हणत होती आणि रोज रात्री चाचपून बघत होती. गाठ शुद्धीत बसते की नाही? जखमेचं सांगितलंय, गाठीचं कुठे कुणी सांगितलंय? वकिलासारखी ती स्वतःशी भांडायची आणि स्वतःच जिंकायची. सुपारी हळूहळू लिंबाकडे निघाली होती आणि ही आपली जिंकत होती.

अडखळली त्या संध्याकाळी जिनलने तिला न्हाणीच्या दारात गाठलं. वाशिमची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, सासूशी बोलताना अजून पदर सावरायची. पण त्या दिवशी तिने सरळ विचारलं, मम्मी, तुमी डावा हात वर काहून नेत नाही? वरच्या फळीवरचे डबे मलेच काहून काढायले लावता? त्रिशलाला राग आला, इतका राग की कानशिलं तापली, आणि मग तो राग कुठल्या कुठे गेला, आणि तिने जिनलचा हात धरून तिथं ठेवला. पोरीने हात झटकन मागे घेतला नाही. हे त्रिशलाच्या फार लक्षात राहिलं. रात्री जिनलने नमनला सांगितलं, नमनने बापाला, आणि सकाळी वीरेंद्र सरकी-ढेपीचं दुकान न उघडता घरातच झोपाळ्यावर बसून राहिला. आरडाओरडा करणारा माणूस तो, गिऱ्हाइकाशी बोलतानाही गल्लीला ऐकू जायचं. त्या दिवशी त्याचा आवाज बसल्यासारखा झाला होता.

“काहून नाही सांगतलं?” त्याने विचारलं.

“चौका होता ना.”

“मले सांगतलं असतं त मी चौका बंद केला असता.”

“म्हणूनच नाही सांगतलं,” ती म्हणाली.

झोपाळा थोडा हलत राहिला. तिला वाटलं होतं, याला सांगितलं की निम्मं ओझं उतरेल. उतरलं नाही, उलट आता त्याच्याही तोंडाकडे बघायचं काम वाढलं. अर्धं आयुष्य एका घरात काढून या माणसाला आपल्या मरणाची भीती वाटू शकते हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

अकोल्याला जायचं ठरलं. फोनवर दवाखान्याने बजावलं होतं, उपाशी येऊ नका, नाश्ता करून या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, सैल कपडे घाला. त्रिशलाने सैल झंपर घातला आणि उपास धरला, तोही निर्जळ. अष्टमी होती हे निमित्त. खरं कारण असं, की काहीतरी आपल्या हाताने करावं, नुसतं गाठोडं होऊन गाडीत बसू नये. मूर्तिजापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं. वीरेंद्र गाडी चालवता चालवता पिकाचे भाव बोलत होता, ती हं हं करत होती, आणि मागे बसलेल्या सुंदरबाई माळ ओढत होत्या. घरी राहा म्हटलं तरी म्हातारी हट्टाने आली होती. तिच्या मांडीवर घरच्या गाळलेल्या पाण्याची कळशी होती. बाहेरचं पाणी सुनेला चालायचं नाही, आणि सून आज पाणीच घेणार नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, त्रिशलाच्या नणंदेच्या मुलीएवढी. ती प्रत्येक गोष्ट आधी सांगायची आणि मग करायची. आता उताणं झोपा, डावा हात डोक्याखाली घ्या. आता जेल लावते, गार लागेल. आता मशीन फिरवते, पडद्यावर बघायचं नसेल तर नका बघू. त्रिशलाने बघितलं. करड्या धुक्यात एक काळा, वेडावाकडा डाग होता, आणि तो आपलाच आहे हे तिला एकदम ओळखू आलं. डॉक्टरीणबाईने विचारलं, कधीपासून आहे? ‘आषाढापासून,’ त्रिशला म्हणाली. पोरीने मनातल्या मनात इंग्रजी महिने मोजले असावेत, कारण तिचा हात क्षणभर थांबला. ती रागावली नाही, लवकर का आला नाहीत असंही म्हणाली नाही. आता बधिर करायचं इंजेक्शन देते, थोडं जळजळेल, मग काही कळणार नाही. जळजळलं. मग खरंच काही कळेनासं झालं, नुसतं कुणीतरी दाबतंय, ओढतंय, जणू शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवतंय. आता ‘टक्’ असा आवाज होईल, दचकू नका. टक्. सगळं सांगून झालं होतं तरी ती दचकली. आवाज आपल्या आतून आला याचं तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बारीक गांडुळासारखा पांढुरका तुकडा बाटलीतल्या पाण्यात पडला. आणखी एकदा, म्हणाली पोर. टक्. आणखी एकदा.

आणि मधूनच तिला केशलोचाचा दिवस आठवला. श्रावणात मंदिराच्या मांडवात महाराजांनी डोक्याचे, दाढीचे केस स्वतःच्या हाताने उपटले होते, राख लावून, एकेक मूठ, आणि सगळं गाव हात जोडून बघत होतं. कानामागे रक्ताचा एक ठिपका आला तेव्हा त्रिशलाच्या शेजारची बाई धन्य धन्य म्हणत रडली होती. त्रिशलाही रडली होती. देह वेगळा, आपण वेगळे, हे तेव्हा तिला कसं चोख पटलं होतं! आता इथं पडल्या पडल्या तेच तिने मनात म्हणून पाहिलं, आणि ते काही चिकटेना. देह वेगळा असेल तर हा दचकला कोण? त्यांनी स्वतःच्या हाताने केस काढले म्हणून ते तप झालं. माझं मी काहीच काढत नाही, माझ्यातून दुसरं कुणी काढतंय. माझेही केस जातील का? मंजूचा रिपोर्ट आणायला सोबत गेली तेव्हा दवाखान्यात तिने डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका पाहिल्या होत्या. त्यांच्यासाठी कुणी मांडव घातला नव्हता. असला विचार मनात आला याची तिला लाज वाटली, पण विचार गेला नाही. मरायची तिला भीती वाटत होती, साधी, सरळ, लहान पोराला वाटते तशी, आणि इतक्या वर्षांच्या उपासतापासांनी त्यातली चिमूटभरही कमी केली नव्हती.

झालं, म्हणाली डॉक्टरीणबाई, आणि कापूस ठेवून तळहाताने जोर देऊन दाबत उभी राहिली. रक्त थांबायला वेळ लागतो, म्हणाली. बराच वेळ ती तशीच दाबून उभी होती, त्रिशलाच्या इतक्या जवळ, की तिच्या ॲप्रनला येणारा साबणाचा वास येत होता. आईनंतर इतका वेळ कुणी आपल्याला हात लावून उभं राहिलं नसेल, असं त्रिशलाला वाटलं आणि डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. दुखतंय का, पोरीने विचारलं. त्रिशलाने नाही अशी मान हलवली. मग पट्टी, बर्फाची पिशवी, आज भिजवू नका, जड उचलू नका, काळं-निळं पडेल, घाबरू नका, ताप आला किंवा पट्टी लाल व्हायला लागली तर लगेच फोन करा. रिपोर्टला थोडे दिवस लागतील, कुणाचा नंबर लिहून घेऊ? त्रिशलाने स्वतःचा दिला. बाहेर आल्यावर उठता-बसता तिला घेरी आली, सुंदरबाईंनी कळशीचं झाकण उघडलं, आणि उपास आहे म्हटल्यावर म्हातारी पहिल्यांदाच तिच्यावर खेकसली. देहाले दंड करायचीबी येळ असते, म्हणाली. पण पाणी काही तिने जबरदस्तीने पाजलं नाही. नेमापुढे तीही गप्प बसणारी होती.

घरी आल्यावर कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्रिशला आपणच माडीवरच्या खोलीत गेली. जखम भरेपर्यंत चौक्यात पाऊल टाकायचं नाही हा नियम तिनेच दुसऱ्या किती बायकांना सांगितला होता. खालून भांड्यांचा आवाज यायचा, आणि आवाजावरून तिला कळायचं की जिनलने तूप आधी ठेवलं, भाकरी नंतर, असं नव्हे गं, आधी भाकरी. पट्टीखालची जागा पहिले दोन दिवस जांभळी होती, मग हिरवट झाली, मग पिवळी. दुपारी जिनल वर येऊन उशाशी बसायची आणि ‘मनशुद्धी, वचनशुद्धी’ घोकून दाखवायची. आवाज बारीक होता तिचा, शब्द घाईत पडायचे. हळू म्हण, त्रिशला सांगायची, पोटातून म्हण. शिकवताना तिला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्यातच कुठेतरी काहीतरी तुटायचं. इतके दिवस महाराज दारावरून पुढे जात होते. मुनी मनात काहीतरी नेम धरून निघतात, अमुक दिसलं तरच थांबायचं, आणि तो नेम कुणाला सांगत नाहीत. आपण दारात नाही म्हणून ते थांबत नाहीत, असं त्रिशलाला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ते वाटणं तिला हवंहवंसं होतं.

मग एक दिवस ते थांबले. सकाळची दहाची वेळ असेल. खाली एकदम ‘नमोस्तु, नमोस्तु’चा गलका झाला, ‘अत्र तिष्ठ, तिष्ठ’ असा वीरेंद्रचा आवाज चढला, पावलं दारातून आत आली आणि सगळं चिडीचूप झालं. त्रिशला जिन्याच्या तोंडाशी येऊन बसली. जिनलचा आवाज आला. मनशुद्धी. वचनशुद्धी. कायशुद्धी. एकही शब्द अडला नाही. पोटातून म्हणाली पोर. आणि त्याच वेळी त्रिशलाच्या मांडीवरचा फोन थरथरू लागला, आवाज बंद केलेला, नुसता थरथरणारा. नंबर अकोल्याचा.

ती फोन घेऊन आतल्या भिंतीशी गेली. तीच डॉक्टरीणबाई होती. तिने आधी विचारलं, सोबत कुणी आहे का? मग म्हणाली, रिपोर्ट आलाय, उद्या मिस्टरांना घेऊन या, समोरासमोर बोलू. त्रिशला कुजबुजत म्हणाली, “तेच आहे का?” “हो काकू,” पलीकडून पोर म्हणाली. “तेच आहे. काखेतही तपासावं लागेल. पण उपचार आहेत.” उपचार आहेत हे तिने दोनदा सांगितलं. त्रिशलाने बरं म्हटलं, थँक्यू म्हटलं, फोन बंद केला.

आणि आता छातीतून जे वर आलं ते हुंदका नव्हतं, ओरडणं होतं. तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. कारण आहार चालू असताना कुणाचं रडणं मुनींच्या कानी पडलं तर तो अंतराय होतो. ते तिथंच ओंजळ सोडतात, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. चौका लागलेल्या घरातून म्हणून सकाळी मंजूकडेही निरोप जायचा, नातवाला रडू देऊ नका. त्रिशला भिंतीला पाठ लावून खाली बसली. काखेत, म्हणाली ती. आषाढ, श्रावण, भाद्रपद. खालून वाटीत पळी लागल्याचा आवाज येत होता, सुंदरबाई हळूच जिनलला काहीतरी सांगत होत्या, कुणीतरी दूध म्हणालं. किती सावकाश जेवतो हा माणूस! तिला त्यांचा राग आला, मग रागाची भीती वाटली, मग तेही गेलं आणि नुसता कापडाचा बोळा उरला, दातांत धरलेला, ओला. नाकाने श्वास घेतानासुद्धा आवाज होत होता, तो तिने बारीक केला. पट्टीखाली ठणकायला लागलं. नमन, जिनल, वीरेंद्र, दिवाळी, एवढे तुकडे डोक्यात येत होते आणि एकाचंही पुढे काही होत नव्हतं.

मग जयकार झाला. एकदा, दोनदा, अख्ख्या घराने गळा मोकळा करून म्हटला. पावलं बाहेर पडली, लोक महाराजांना पोहोचवायला मंदिराकडे निघाले, गलका गल्लीच्या टोकाला जाऊन मंद होत गेला. तरी त्रिशलाने पदर तोंडातून काढला नाही. जिन्यावर सुंदरबाईंची पावलं वाजली. म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवत, धापा टाकत वर आली होती, आणि तिचा चेहरा उजळला होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“निरंतराय झाला वो त्रिशला!” ती दारातूनच म्हणाली. “काहीसुदिक विघ्न नाही आलं. पोरीनं तुही उणीव पडू देली नाही.”

मग तिला भिंतीशी बसलेली सून दिसली, मांडीवरचा फोन दिसला, तोंडातला पदर दिसला. ती जागीच उभी राहिली. त्रिशलाने पदर हळूच काढला.

“महाराज मंदिरात पोचले का?”

“पोचले,” सुंदरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पार खाली गेला होता. “केव्हाचेच पोचले, माय.”

“मंग आता मी रडू का?”